कामठ्याची पाठ

नाशिककराला धनुष्याचे अप्रूप वाटू नये, अशीच आमच्या गावाची एकंदर मांडणी आहे. ज्या क्षेत्राचे सारे माहात्म्य एका वनवासी राजपुत्राच्या पर्णकुटीवर उभे राहिले, जेथे गोदेच्या काठी रामकुंड, सीतागुंफा, तपोवन असे रामकथेतील एकेक प्रकरण दर शंभर-दोनशे पावलांवर वाट अडवून उभे असते, आणि जेथे लग्नपत्रिकेपासून पेढ्याच्या पुड्यापर्यंत सर्वत्र खांद्याला धनुष्य लावलेली ती श्यामल मूर्ती डोळ्यांसमोर असते, त्या गावात हयात घालवूनही ते धनुष्य कशाचे असेल, कोणी तासले असेल, भर आषाढात त्याची दोरी सैल पडत असेल काय, असा प्रश्न मला साठ वर्षांत एकदाही पडला नाही, ही गोष्ट कबूल करूनच पुढे जाणे बरे.

रामकथा श्रद्धेचा प्रांत म्हणून बाजूला ठेवली, तरी इतिहासाच्या दफ्तरातही आमचे गाव धनुष्यापासून सुटत नाही. पांडवलेणी या नावाने आपण ज्यांना ओळखतो, त्या त्रिरश्मी डोंगरातील ३ क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्री या सातवाहन राजमातेचा प्राकृत लेख आहे. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या १९ व्या वर्षी कोरविलेल्या या लेखात तिने आपल्या दिवंगत पुत्राच्या, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीच्या गुणांची जी मालिका दिली आहे, तीत एक विशेषण ‘एकधनुर्धर’ या अर्थाचे आहे. आईने मुलाचे कौतुक दगडात कोरून ठेवावे आणि त्यात त्याच्या तिरंदाजीची आठवण विसरू नये, हे मला फार हृद्य वाटते. परंतु त्या राजाचे धनुष्य करणारा कारागीर कोण, याविषयी लेणे गप्प आहे. लेण्याला मिळालेल्या देणग्या ज्यांच्याकडे व्याजाने ठेवल्या त्या विणकरांच्या आणि तेल्यांच्या श्रेणींची नोंद तेथील लेखांत सापडते, धनुष्य करणाराची मला सापडली नाही.

माझा स्वतःचा धनुष्याशी पहिला संबंध आला तो दोन आण्यांच्या धनुकलीमुळे. दसऱ्याच्या आधी पंचवटीत बुरुडांच्या बाया सूप-टोपल्यांच्या ढिगाशेजारी लाल-पिवळ्या कागदाने मढविलेल्या बांबूच्या धनुकल्या मांडून बसत. वडिलांनी घेऊन दिलेली ती धनुकली रावण जळण्यापूर्वीच, म्हणजे संध्याकाळच्या आत, मध्यावर काडकन मोडली. आपल्या अंगात फार बळ आहे, असा त्या वेळी माझा समज झाला, आणि तो दूर व्हायला नातवाचे शालेय संमेलन उगवावे लागले.

त्या संमेलनात चिरंजीवांच्या चिरंजीवांना एकलव्याचे काम मिळाले. बाजारातले प्लॅस्टिकचे धनुष्य त्याने नाकारले, हे मला आवडले, आणि ‘आजोबा, आपण खरे करू या,’ असे तो म्हणाला तेव्हा माझ्यातील पदवीधर जागा झाला. शेजारच्या मांडववाल्याकडून एक पोकळ बांबू मागून आणला, चिरला, त्यातली रुंद फाळ घेऊन तिची वरची गुळगुळीत, हिरवट-पिवळी, निसरडी साल रंध्याने साफ काढून टाकली, कारण शोभा तर लाकूड घासल्यावरच येते. सुतळीची दोरी बांधली आणि ओढली. दोरी हनुवटीपर्यंत पोहोचण्यापूर्वी फाळीला मध्यभागी केसासारखी रेघ उमटली, मग कुसळे उभी राहिली, मग तोच साठ वर्षांपूर्वीचा आवाज.

माझे एक स्नेही आश्रमशाळेत आयुष्यभर शिक्षक होते. त्यांना ही हकिकत सांगितली तेव्हा ते हसले आणि म्हणाले, ‘तुम्ही सालच काढली? मग राहिले काय?’ त्यांच्याबरोबर मार्गशीर्षात मी दिंडोरी, वणी असे करीत, सप्तशृंगीचा डोंगर उजवीकडे ठेवून सुरगाण्याच्या बाजूला उतरलो. सुरगाणे हे एके काळचे लहानसे संस्थान. आज नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा, गुजरातला भिडलेला तालुका. वस्ती कोकणा, वारली, महादेव कोळी यांची. उत्तरेला कळवण-बागलाणकडे गेले की भिल्लांची. तेथील एका पाड्यावर, कुडाच्या घराच्या पडवीत, एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ आमची वाट पाहत विड्या ओढीत बसले होते. त्यांचे नाव येथे देत नाही, कारण आपल्या नावाने शहरातून माणसे यावीत अशी त्यांची मुळीच इच्छा नाही. सगळे त्यांना बाबा म्हणतात. मीही म्हणू लागलो. माझ्या चष्म्यामुळे असेल, त्यांनी मलाही पहिल्या वाक्यापासून ‘गुरुजी’ करून टाकले, आणि त्या दिवसापुरते तरी त्या पदवीची लाज मला पदोपदी वाटत राहिली.

धनुष्य हा शब्द बाबांच्या तोंडी नाही. त्यांचा शब्द कामठा. बाणासह मिळून तिरकमठा. हा शब्द माझ्या लहानपणी घरातही होता, तो पुढे पुस्तकी शब्दाने कधी हुसकावला ते कळले नाही. ‘तीर’ हा फारसी, ‘तिरंदाज’ही फारसी, ‘कमान’ फारसीच. पण संस्कृत कोशांत ‘कमठ’ या शब्दाचा एक अर्थ कासव आणि दुसरा वेळू असा दिलेला आढळतो. तेव्हा तिरकमठा या एका जोडशब्दात इराण आणि सह्याद्री यांची गाठ पडली आहे, असे मला वाटते. व्युत्पत्तीचा मोह वाईट. मी तेथेच थांबतो.

मी पिशवीतून मोडक्या धनुष्याचे दोन तुकडे काढून त्यांच्यापुढे ठेवले. बाबांनी ते तोंडाजवळ नेले, नखाने मोडलेली कड चाचपली आणि एवढेच म्हणाले, ‘पाठ सोलून काढली, गुरुजी. न वर त्याला पोटाकडून ताणला.’

या दोन वाक्यांत जे होते ते पुरते समजायला मला पुढचे चार महिने आणि त्या पाड्याच्या आणखी तीन फेऱ्या लागल्या. वेळू हे वस्तुतः गवत आहे. लाकडाला जशी वर्षावर्षांची वलये असतात तशी त्याला नसतात. एकाच पावसाळ्यात तो आपली सारी उंची आणि घेर गाठतो आणि पुढची तीन-चार वर्षे आतून फक्त टणक होत जातो. त्याचे धागे सालीलगत अतिशय दाट, आणि आत पोकळीकडे जावे तसे विरळ होत जातात. धनुष्य ओढले की त्याच्या नेम धरणाराकडच्या बाजूवर, म्हणजे पोटावर, दाब येतो आणि समोरच्या बाजूवर, म्हणजे पाठीवर, ताण. ज्या बाजूला ताण येणार तेथे दाट, अखंड धागे हवेत. ती सालीची बाजू. मी नेमकी तीच रंध्याने काढून टाकली होती आणि उरलेल्या भुसभुशीत गाभ्याला ताण सोसायला सांगितले होते.

बाबांच्या परसामागे वेळूची बेटे दोन प्रकारची होती. एक कळकाचे: काटेरी, उंच, आत पोकळ, डौलदार, त्याच्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. दुसरे माणवेलाचे: बारीक, ठेंगणे, वेडेवाकडे, परंतु बुंध्याकडे जवळजवळ भरीव. त्यातही कोणती काठी तोडायची हे ठरविण्यात अर्धा तास गेला. ज्या काठीवर अजून पांढरी भुकटी आणि पेरांवर वाळकी खपले चिकटलेली ती यंदाची, कच्ची. जिच्या अंगावर दगडफुलासारखे करडे डाग पडले आहेत, आणि कोयत्याच्या पाठीने ठोकली असता जी मडक्यासारखा बद्द आवाज न देता टणकन वाजते, ती पक्की. तोड जमिनीपासून पहिल्या पेराच्या लगत वर, म्हणजे खुंटाच्या पेल्यात पाणी साचून बेट कुजत नाही. आणि तोड पावसाळ्यात कधीही नाही. एक तर तेव्हा नवे कोंब फुटत असतात, दुसरे म्हणजे त्या वेळच्या वेळूत साखर-पिष्ट भरलेले असते आणि भुंगा त्याचे पीठ करून टाकतो. अवसेला तोडलेल्या वेळूला कीड लागत नाही, असेही बाबा म्हणाले. मी त्यावर वाद घातला नाही; त्यांच्या घराच्या वाशांना मला कुठे भोक दिसले नाही, एवढे नमूद करतो.

चिरणे ही पाहण्यासारखी गोष्ट. काठीच्या वरच्या टोकाला कोयता टेकवून, लाकडी ठोकळ्याने दोन ठोके देऊन फट पाडली की पुढे शस्त्राचे काम फार थोडे. हातांनी आणि पायाच्या अंगठ्याने ती फट बुंध्यापर्यंत चालवीत न्यायची. फट एका अंगाला सरकू लागली, म्हणजे एक फाळ जाड आणि दुसरी बारीक होऊ लागली, की जाड फाळ अधिक वाकवायची, फट आपोआप मध्यावर परत येते. माझ्या मनाने मी उलट केले असते आणि फाळ वाया घालवली असती. दर वेळी निम्म्याचे निम्मे करायचे, तिसरा हिस्सा कधी काढायचा नाही, हा शिरस्ता.

अशी निघालेली फाळ, करणाऱ्याच्या उंचीएवढी लांब, मध्ये तीन बोटे रुंद, लगेच कामाला येत नाही. ती चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवली गेली आणि आम्ही परत नाशिकला आलो. शिमग्यानंतर गेलो तेव्हा ती काळपट, हलकी, आणि नखाने वाजवली असता खणखणीत झाली होती.

यापुढचे काम म्हणजे तासणे, आणि तासणे म्हणजे फक्त पोट तासणे. पाठीला कोयता लागता कामा नये. पेरांवरचे कंगोरे तेवढे काचेच्या तुकड्याने हळू बोथट करायचे. पेर हे वेळूचे दुखरे अंग, कारण सरळ चालत आलेले धागे तेथे वळतात, वेटोळे घेतात. म्हणून आतून पेराच्या ठिकाणी लाकूड थोडे जाड राखायचे. मध्ये मूठ येईल तेथे फाळ रुंद आणि ताठ, टोकांकडे अंगठ्याएवढी निमुळती. मग निखाऱ्यावर धरून वाकडी बाजू सरळ करणे आणि पोट मधाच्या रंगाचे होईतो शेकणे. शेकल्याने ते टणक होते आणि दाब सोसते. निखारा हवा, जाळ नव्हे, असे बाबा तीनदा म्हणाले, कारण मी तीनदा जाळाकडे सरकवत होतो.

सर्वांत कठीण प्रकरण यानंतरचे. कामठ्याला सैल दोरी लावून, मूठ भिंतीतल्या खुंटीवर टेकवून, दोरी आधी वीतभर, मग दीड वीत ओढायची आणि दूर उभे राहून दोन्ही पाखे सारखे वाकतात काय ते पाहायचे. जे अंग वाकत नाही, ते तासायचे. जे फार वाकते, त्याला हात लावायचा नाही. वाचताना हे सोपे वाटते. परंतु पट्टीचा ताठपणा तिच्या रुंदीच्या प्रमाणात आणि जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे जाडी दहाव्या हिश्श्याने कमी केली की ताठपणा पाव हिश्श्याहून अधिक घटतो. काचेचे चार जास्तीचे हात फिरले की उजवे पाखे लुळे पडते, मग त्याच्याशी बरोबरी साधण्यासाठी डावे तासावे लागते, आणि अशी बरोबरी साधता साधता धनुष्याची धनुकली होते. माझी पहिली फाळ अशीच गेली. बाबांना घनाचा नियम ठाऊक नाही, परंतु ते प्रत्येक चार हातांनंतर थांबत, दोरी वीस-पंचवीस वेळा हलके ओढून सोडीत आणि मगच पुढे जात. वेळूला वाकण्याची सवय लागावी लागते, असे त्यांचे म्हणणे. ‘तुटेपर्यंत ताणू नये’ ही म्हण आपण भांडणाच्या प्रसंगी वापरतो. ती प्रथम कोठल्या तरी पडवीत, अशाच एखाद्या गुरुजीला उद्देशून उच्चारली गेली असावी.

दोरीने मात्र मला पुरते चकित केले. मी नाशिकहून नायलॉनची दोरी नेली होती. ती बाबांनी हसून बाजूला ठेवली आणि त्याच वेळूच्या सालीची, जेमतेम बोटाच्या निम्म्या रुंदीची, एकसंध पट्टी काढली. हीच दोरी. तिला पीळ नाही, गाठ मारता येत नाही, म्हणून तिच्या दोन्ही टोकांना अंबाडीच्या दोऱ्याचे फासे घट्ट गुंडाळून बांधायचे आणि ते कामठ्याच्या खाचांत अडकवायचे. सालीची ही दोरी ओलीने नायलॉनसारखी ताणून सैल पडत नाही. घरी आल्यावर कौटिल्याचे अर्थशास्त्र काढले. आयुधागाराच्या प्रकरणात धनुष्ये कशाची करावी याची जंत्री आहे: ताड, चाप नावाचा वेळू, लाकूड आणि शिंग. ती मला अंधुक आठवत होती. तिच्याच पुढे दोऱ्यांची यादी आहे, आणि तीत मोरवेल, रुई, ताग, स्नायू यांच्या पंक्तीला वेणू बसला आहे. संस्कृत शिकताना मी ते वाचून गेलो होतो आणि वेळूची दोरी कशी होईल, लेखकाचा प्रमाद असेल, असे मनाशी म्हटल्याचेही स्मरते. सुरगाण्याच्या एका पडवीत ती दोरी माझ्या बोटांना कापीत होती.

जुन्या जगाला हिंदी वेळूची चांगलीच ओळख होती. क्षयार्षाच्या, म्हणजे झर्क्सीझच्या सैन्यातून इ. स. पूर्व ४८० मध्ये ग्रीसवर चालून गेलेल्या हिंदी तुकडीचे वर्णन करताना हिरोडोटसाने त्यांची सुती वस्त्रे आणि वेतासारख्या वनस्पतीची धनुष्ये-बाण यांची नोंद केली आहे. सिकंदराचा नौकाधिपती निआर्कस याच्या आधारे एरियन लिहितो की हिंदी पायदळाचे धनुष्य माणसाएवढे उंच असे आणि ते जमिनीवर टेकवून डाव्या पायाने रेटून ओढीत. अग्निपुराणातील धनुर्वेद चार हातांचे धनुष्य उत्तम, साडेतीन हातांचे मध्यम आणि तीन हातांचे कनिष्ठ मानतो. बाबांचे माप करणाऱ्याच्या उंचीचे, म्हणजे उत्तम आणि मध्यम यांच्या आसपासचे. मोगल अमलात शिंग, स्नायू आणि लाकूड सरसाने चिकटवून केलेली आखूड, जबरदस्त धनुष्ये दरबारी तिरंदाजांच्या हाती होती. पण सरस पावसाळी हवेत सुटतो. ज्या मुलुखात जून ते सप्टेंबर भिंतींनाही बुरा येतो, तेथे ज्या धनुष्यात सरसाचा थेंब नाही तेच टिकणार, यात आश्चर्य ते काय?

आंगठ्याचीही एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. भिल्ल लोक बाण सोडताना आंगठा लावीत नाहीत आणि त्याचे कारण एकलव्य, असे आपल्याकडे मोठ्या भावुकतेने सांगितले जाते. नातवासाठी मी बाबांना हे विचारले. त्यांनी तर्जनी आणि मधले बोट दोरीला लावून दाखविले, आणि आंगठ्याचे काय, तर ‘त्याला काय काम?’ वास्तविक आजचे ऑलिंपिकमधले तिरंदाजही बोटांनीच दोरी ओढतात. आंगठ्याने ओढण्याची रीत मंगोल, तुर्क, चिनी, जपानी यांची, आणि त्यासाठी मोगल सरदार आंगठ्यात दगडाची किंवा हस्तिदंताची अंगठी घालीत. तरीही मी नातवाला एकलव्याची गोष्ट खोटी आहे असे सांगितले नाही. द्रोणाने जे मागितले ते मागितलेच. धनुष्य आंगठ्यावाचून ओढता येते म्हणून मागणाऱ्याची मागणी लहान होत नाही.

सरकारदरबारी मात्र हा कामठा कधीच किरकोळ वस्तू नव्हता. १८५७ च्या ऑक्टोबरात सिन्नर तालुक्यातील नांदूर शिंगोट्याजवळ भागोजी नाईकाच्या भिल्लांशी झालेल्या चकमकीत हेन्री हा पोलीस अधिकारी पडला, आणि पुढे दोन वर्षे, मिठसागऱ्याला १८५९ मध्ये भागोजीचा शेवट होईपर्यंत, या मुलुखाचा बंदोबस्त करताना कंपनीच्या आणि मग राणीच्या अंमलदारांची त्रेधा उडाली. त्यानंतर दोन दशकांनी आलेल्या १८७८ च्या हत्यार कायद्यात तोफा-बंदुकांच्या पंक्तीला धनुष्यबाणही ‘शस्त्र’ म्हणून बसविलेले दिसतात. १९२७ च्या वन कायद्याने तर गवताच्या जातीच्या या वेळूला ‘झाड’ ठरविले. जंगलाबाहेर लावलेल्या वेळूची त्या व्याख्येतून सुटका २०१७ मध्ये झाली. नव्वद वर्षे परसातल्या बेटातली काठी तोडताना माणसाने आजूबाजूला पाहावे, असा हा कायदा होता. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद केली, ती योग्यच. त्या कायद्याच्या व्याख्येतही धनुष्यबाण आहेत. बाबांनी लहानपणी ससे मारले, आता मारीत नाहीत. मग कामठा कशाला करता, या माझ्या प्रश्नावर ते थोडे नाराज झाले. उंबऱ्याच्या आत एक असावा, म्हणाले. त्यांच्या बापाच्या वेळेपासून असतो.

आणखी एका ठिकाणी वेळूचे धनुष्य आजही जिवंत आहे. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय धनुर्विद्या संघाच्या स्पर्धांत ‘इंडियन राउंड’ हा स्वतंत्र प्रकार असतो आणि तो बांबूच्या किंवा लाकडी धनुष्यानेच खेळावा लागतो. चाके नाहीत, नेम धरण्याची दुर्बीण नाही. उदयपूरकडच्या आदिवासी पाड्यातला लिंबाराम याच साध्या धनुष्यावरून पुढे गेला आणि १९९२ मध्ये बीजिंगला ३० मीटरवर ३६० पैकी ३५८ गुण मिळवून त्याने विश्वविक्रमाची बरोबरी केली. आपल्या सातारची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ च्या ऑगस्टात बर्लिनला एकाच दिवशी जगज्जेते झाले, तेव्हा माझ्यासारख्या म्हाताऱ्याचीही छाती फुगली. पण त्यांची धनुष्ये कप्प्या आणि तारांची, लाखांच्या घरातली यंत्रे आहेत. नाशिकमध्ये आदिवासी विकास आयुक्तालय आहे, महामंडळाचे मुख्यालय आहे, एकलव्याच्या नावाच्या निवासी शाळा आहेत. त्यांपैकी एखाद्या शाळेने बाबांसारख्या माणसाला वर्षातून आठ दिवस मानाने बोलावून, मुलांकडून एकेक कामठा करून घ्यावा, असे मला सुचवावेसे वाटते. खर्च विड्यांचा आणि एस.टी.च्या तिकिटाचा. आम्ही धनुर्धराची आरती पिढ्यान्‌पिढ्या केली. धनुष्य करणाऱ्याला साधे जेवायला कधी बोलावले नाही.

दुसरी फाळ साधली. ती उंचीने माझ्याएवढी, वजनाला काठीहून हलकी, आणि सालीच्या दोरीला बोटाने छेडले तर एकतारीसारखा बारीक सूर देणारी आहे. संमेलन तोपर्यंत केव्हाच होऊन गेले होते आणि नातवाचा एकलव्य शेवटी प्लॅस्टिकच्याच धनुष्याने उरकला. सुटीत आम्ही दोघे गंगापूर धरणाच्या बाजूला माळावर गेलो, पंचवीस पावलांवर पोते टांगले आणि बरूच्या काडीचे बोथट बाण सोडले. त्याचे पाच लागले, माझे दोन. घरी आल्यावर त्याने दोरी तशीच चढवून कामठा कोपऱ्यात उभा केला, तेव्हा त्याला दोरी उतरवायला लावली. चढलेल्या दोरीने वेळूला बाक येतो आणि तो मरतो, हे बाबांनी निघताना दोनदा बजावले होते.

एक राहिले. त्या मोडक्या तुकड्यांच्या निमित्ताने मी बाबांना माझ्या दोन आण्यांच्या धनुकलीविषयी सांगितले होते. त्यांनी विचारले, कागद कोणत्या बाजूला चिकटवलेला होता? मी आठवून सांगितले, बाहेरच्या. तर म्हणाले, मग निसरडी साल आत होती, कारण सालीवर खळ धरत नाही. आपल्या मुलांना दसऱ्याला धनुकली घेऊन द्याल, तेव्हा कागद थोडा उचकटून पाहा. साल आतल्या बाजूला असेल, तर दोरी सोडा, कामटी उलटवा आणि पुन्हा बांधा.